लाजरीचा डावा डोळा

एका जंगलात एक मोटारगाडी राहत होती. हसायचं नाही. जंगलात वाघ राहतो म्हटल्यावर तुम्ही हसत नाही, आणि वाघाचा गाडीइतका उपयोगही कुणाला नसतो.

ही गाडी लाल होती. म्हणजे पूर्वी लाल होती. आता तिचा रंग वाळवून ठेवलेल्या मिरचीसारखा झाला होता. ती बुटकी, लांब आणि फार जुनी होती. कुणा माणसाने ती जंगलाच्या कडेला सोडून दिली होती. माणसं जुन्या गाड्या, फाटक्या गाद्या आणि नको झालेली मांजरं जंगलाच्या कडेला सोडून जातात. यावर घरी जाऊन प्रश्न विचारू नका, उगाच मार खाल.

या गाडीची एक गंमत होती. तिचे पुढचे दिवे एरवी दिसत नसत. ते बॉनेटमध्ये दोन झाकणांखाली झोपलेले असत. आत बसून बटण दाबलं की झाकणं वर उचलली जात आणि कुणी डोळे उघडावेत तसे दिवे बाहेर येत. पुन्हा बटण दाबलं की डोळे मिटत. जंगलात लाजाळूचं झुडूप सगळ्यांच्या ओळखीचं. म्हणून सगळे तिला लाजरी म्हणत.

लाजरी केशवतात्यांची. केशवतात्या म्हणजे साळिंदर. अंगावर काटे, पण स्वभावाने उकडलेल्या रताळ्याइतके मऊ. गाडी चालवायला बसले की त्यांचे पाठीचे काटे सीटमध्ये रुतत, आणि उतरताना त्यांच्या बायकोला, सगुणाकाकूंना, त्यांना ओढून काढावं लागे. संसार म्हणजे काय, असं कुणी विचारलं की काकू म्हणत, ओढून काढणं.

मागच्या रांगेतला हात खाली घ्या. जंगलात पेट्रोल कुठून येतं, हेच विचारायचं आहे ना? ज्याला गोष्टीत पेट्रोल कुठून येतं हा प्रश्न पडतो, त्याने मोठेपणी हिशेब तपासनीस व्हावं. आता आपण पुढे जाऊ.

तात्यांना एकच मुलगी, वेणू. ती डोंगरापलीकडच्या रानात दिलेली होती. लहानपणी वेणू झोपायला त्रास द्यायची. तेव्हा तात्या तिला लाजरीसमोर बसवून बटण दाबत. डोळे उघडले, डोळे मिटले. डोळे उघडले, डोळे मिटले. दहाव्या वेळी वेणूचेही मिटत. लग्नात पाठवणीच्या वेळी तिने रडून गोंधळ घातला, तेव्हा तात्या म्हणाले होते, "पहिल्या बाळंतपणाला मी स्वतः येतो न्यायला. लाजरी घेऊन. शब्द देतो."

बाळांनो, शब्द देताना दिव्यांची स्थिती बघून द्यावा. हे तात्पर्य नव्हे. तात्पर्य शेवटी येतं.

तर यंदाचा दसरा उजाडला. दसऱ्याला तात्या लाजरीची पूजा करीत. अकरा वर्षांत एक दसरा चुकला नव्हता. आधी बटण दाबून तिचे डोळे उघडायचे, कारण डोळे मिटलेल्याची पूजा करणं त्यांना बरं वाटत नसे. मग दोन्ही दिव्यांना कुंकवाची बोटं. त्यावर मूठ मूठ अक्षता. झाकणाच्या फटीत झेंडूचं एकेक फूल. चाकाखाली लिंबू. शेवटी दगडावर नारळ फोडून ते पाणी दोन्ही डोळ्यांवर शिंपडायचं, आणि बटण दाबून डोळे मिटवायचे. सगळी पूजा आत. लाजरी तृप्त, तात्या तृप्त.

यंदाचा नारळ जरा मोठा होता.

"अहो, पाणी बाजूला ओता," सगुणाकाकू म्हणाल्या. "सगळं आत जातंय."

"आत जाऊ दे की. वरच्या वर केलेली पूजा तिला पोचणार कशी?" तात्या म्हणाले.

त्याच दुपारी भारद्वाज पक्षी वेणूचा निरोप घेऊन आला. निरोप असा होता: आई-बाबांना नमस्कार. दिवस भरत आले. सासूबाई म्हणतात, कोजागिरीपर्यंत न्यायला आले तर ठीक, नाहीतर इथेच उरकून टाकू. उरकून हा त्यांचाच शब्द. इथे बाळंतिणीला डिंकाचे लाडू देत नाहीत. उकडलेलं सुरण देतात, तेही बिनमिठाचं. मला आईजवळ यायचं आहे. बाबा, तुम्ही शब्द दिला होता.

काकूंनी निरोप दोनदा ऐकला. मग त्या डिंक तळायला घेऊन बसल्या. दसरा ते कोजागिरी पाच दिवस. तेवढ्यात लाडूही व्हायचे होते आणि लेकही यायची होती.

आता मध्ये एक अडचण होती. डोंगरावरची वाट बकऱ्यांनाही नको इतकी चढाची. दिवस भरलेल्या पोरीला तिथून आणणं शक्य नव्हतं. गाडीची वाट डोंगराच्या पोटातल्या बोगद्यातून जायची. बोगदा पाऊण कोस लांब, आणि आत भर दुपारीही स्वतःचा पंजा दिसू नये इतका काळोख.

साळिंदराला काळोखात दिसतं, असं तुमच्यातला जो हुशार आहे तो म्हणेल. दिसतं. पण साळिंदर गाडीत बसलं की त्याला गाडीइतकंच दिसतं. माणसाचंही तसंच आहे.

बोगद्याच्या तोंडाशी हणमंत गवा पहाऱ्यावर असे. दोन्ही दिवे लागल्याशिवाय तो कुणालाही आत सोडत नसे. त्याला कारण होतं. मागे एक गाडी एकाच दिव्यावर आत गेली होती. समोरून नीलगाय येत होती. तिला एक दिवा दिसला, तिला वाटलं सायकल आहे. ती सायकलपुरती बाजूला झाली. अजून लंगडते.

एकादशीला सकाळीच तात्या लाजरी घेऊन बोगद्याशी हजर झाले.

"राम राम तात्या. दिवे लावा," हणमंत म्हणाला.

तात्यांनी बटण दाबलं. आतून घुर्र आवाज आला. उजवा डोळा उघडला. डावा मिटलेलाच राहिला. समोरून बघणाऱ्याला असं वाटलं, की लाजरीने डोळा मारला.

हणमंत गवा संसारी होता. तो दोन पावलं मागे सरला.

"हे बरं दिसत नाही, तात्या."

"अरे, ती मुद्दाम करत नाही."

"मुद्दाम नसंल. पण दिवा एकच आहे. मी सोडणार नाही. नीलगायीला विचारा जाऊन."

तात्यांनी बटण पुन्हा दाबलं. लाजरीने हणमंताला आणखी सहा वेळा डोळा मारला. शेवटी हणमंतच म्हणाला, "आता घरी जावा, तात्या. लोकं बघायला लागली."

घरी आल्यावर काकूंनी विचारलं, "उघडून आत बघितलंत का?"

"अगं, यंत्र आहे ते," तात्या म्हणाले. "पिठाचा डबा नाही."

दुसऱ्या दिवशी लाजरी तात्या-काकूंना घेऊन बजाबा वानराच्या वडाखाली गेली. बजाबा जंगलातला नामांकित मिस्त्री. वडाच्या खोडावर त्याने लिहून ठेवलं होतं: येथे सर्व प्रकारची वाहने उघडली जातील. बंद करण्याबद्दल त्याने काहीच लिहिलं नव्हतं, त्यामुळे त्याला कुणी खोटा म्हणू शकत नसे.

"आधी नमस्कार, मग पान्हा," बजाबा म्हणाला. "हा आपला रिवाज."

त्याने उजव्या दिव्याची रीतसर पूजा केली. डावा उघडत नव्हता, तर त्याच्या झाकणावरच केली. कुंकू, अक्षता, झेंडू. मग नारळ फोडून पाणी फटीफटीतून मुरवलं. मग तो बॉनेटमध्ये डोक्यासकट शिरला.

प्रत्येक डोळ्याला आपली एक छोटी मोटर होती. बजाबाने डावीकडची मोटर काढून उजवीकडे लावली. उजवा डोळा उघडला. उजवीकडची मोटर डावीकडे लावली. डावा काही उघडला नाही.

बाळांनो, यावरून तुम्हाला काय कळलं? मोटर चांगली आहे, बिघाड दुसरीकडे आहे. शाबास. बजाबाला काय कळलं? त्याला कळलं, की ही बाजूच अपशकुनी आहे. म्हणूनच त्याला मिस्त्री म्हणतात आणि तुम्हाला नुसती मुलं म्हणतात.

त्याने फ्यूज बदलला. जुना फ्यूज चांगला होता, तो कानामागे ठेवला. वायर ओढून पाहिली. ती ओढल्याने सुटली, म्हणून पुन्हा जोडली.

"बजाबा," सगुणाकाकू म्हणाल्या, "झाकणाच्या खाली बिजागरीत काही अडकलंय का बघ ना."

बजाबाने जीभ चावली. "वहिनी, काय बोलता. तिथं पूजा झालेली आहे. पूजेच्या जागेवर मी पान्हा फिरवू? पाप कुणाच्या माथी?"

यावर तात्यांनीही मान हलवली. काकू गप्प बसल्या, पण पटून नव्हे. काही माणसं पटून गप्प बसतात आणि काही ओळखून असतात म्हणून. काकू दुसऱ्या प्रकारच्या.

संध्याकाळी बजाबाने केळीच्या पानात गुंडाळून सहा नट परत दिले. "हे जादा होते," तो म्हणाला. "गाडी बनवणारे घालतात जरा सढळ हाताने."

लाजरी वडाखालून निघाली तेव्हा तिचा उजवा डोळाही हळू उघडू लागला होता. जेवल्यावर डुलकी लागलेल्या मास्तरांसारखा, जरा थांबत थांबत.

त्रयोदशीला तात्या आणि काकू लाजरी घेऊन बेहड्याच्या ढोलीत राहणाऱ्या घुबडशास्त्र्यांकडे गेले. शास्त्रीबुवा दिव्यांचे मोठे जाणकार. दिवसा त्यांना भेटावं लागे, आणि दिवसा त्यांना काही दिसत नसे. त्यामुळे ते गाडीकडे न बघताच निदान करीत, आणि निदान एकदाही बदलत नसे.

"केशवा, समस्या काय?"

"शास्त्रीबुवा, दिवा लागत नाही."

"दिवा हवा कशाला?"

"बोगद्यात काळोख आहे."

"काळोख," शास्त्रीबुवा म्हणाले, "हा बघणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. मी कित्येकदा त्या बोगद्यातून गेलो. मला स्वच्छ दिसतं."

"तुम्हाला दिसतं. हणमंताला दिवे लागतात."

"मग हणमंताला उपदेशाची गरज आहे. त्याला पाठव."

तात्या रडकुंडीला आले. ते बघून, म्हणजे ऐकून, शास्त्रीबुवांना दया आली. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "अशा गाड्यांत अर्थची एक वायर असते. ती गाडीच्या अंगाशी पक्की जोडलेली हवी. तिथे गंज चढला की दिवे रुसतात."

ही गोष्ट अगदी खरी होती. जाणकार माणूस कधी कधी चुकून खरं बोलतो.

"ती वायर कुठे असते?" काकूंनी विचारलं.

"ते शोधण्यासाठी खाली उतरावं लागेल," शास्त्रीबुवा म्हणाले, "आणि मी खाली उतरत नाही. आता बायकांचा डावा डोळा लवणं शुभ असतं. तुमच्या गाडीचा लवतच नाही. तेव्हा शांती करून घ्या." त्यांनी वरूनच मंत्र म्हटले, वरूनच अक्षता टाकल्या. वरून पडलेल्या अक्षता फार जोरात आत जातात. नारळ मात्र तात्यांनी खाली फोडला.

त्या दिवसापासून उजवा डोळा अर्ध्यावर उघडू लागला.

चतुर्दशी उजाडली. लाडू वळून झाले होते. काकूंनी डबा भरून ठेवला होता आणि त्या दर घटकेला झाकण उघडून लाडू मोजल्यासारखं करीत होत्या. मोजत नव्हत्या. नुसत्या बघत होत्या.

तात्या घाईघाईने लाजरी घेऊन जंगलाच्या पंचायतीत गेले. पंचायतीने लगेच समिती नेमली. हत्ती अध्यक्ष, मोर सदस्य, आणि कासवही सदस्य. कासव मागच्या वर्षीच्या बैठकीला निघालं होतं, ते या बैठकीला वेळेवर पोचलं.

दिव्याच्या बिघाडाची समिती, म्हणून आधी दीपप्रज्वलन झालं. मग अध्यक्षांनी लाजरीचा सत्कार केला. तिच्या टपावर शाल घातली. श्रीफळ तिला हातात घेता येईना, म्हणून ते जागच्या जागी फोडून दोन्ही डोळ्यांना अर्पण केलं. मग हत्ती बोलायला उभा राहिला.

"एक डोळा उघडा आणि एक मिटलेला, ही विषमता आहे," हत्ती म्हणाला. "आपल्या जंगलात ती चालणार नाही. पण डावा डोळा उघडायचाच, असा हट्ट आपण का धरावा? तो उघडा आहे असं दिसलं, की आपलं काम झालं."

मोर लगेच पुढे आला. त्याच्या पिसाऱ्यावर डोळे भरपूर, त्यातला एक द्यायला त्याचं काय जातं. त्याने एक पीस उपटलं आणि डिंकाने डाव्या झाकणावर चिकटवलं. डिंक काकूंच्या डब्यातला. निळा-हिरवा डोळा उन्हात चमकू लागला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. नव्या डोळ्याची प्रतिष्ठापना करायला हवी, असं कासव म्हणालं. आयुष्यात पहिल्यांदा कासवाचं म्हणणं सगळ्यांच्या आधी आलं, म्हणून ते मान्य झालं. आणखी कुंकू. आणखी अक्षता. आणखी एक नारळ.

दुपारी तात्या बोगद्याशी आले. हणमंत गवा मोराच्या पिसाकडे बराच वेळ बघत राहिला.

"देखणा आहे," तो म्हणाला. "आता यातून उजेड पाडा."

निदान उजवा तरी दाखवावा म्हणून त्यांनी बटण दाबलं. उजवं झाकण दोन बोटं वर आलं. आतून करकर आवाज आला. झाकण थरथरलं आणि खाली बसलं. पुन्हा दाबलं, तर तेही नाही.

"मागच्या खेपेला एक होता ना?" हणमंत हळूच म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं. तो चांगला प्राणी होता, फक्त नियम पाळायचा. असे लोक जंगलाला फार जड जातात.

तात्यांनी लाजरी कशीबशी घरापर्यंत आणली. या खेपेला काकूंनी त्यांना सीटमधून ओढून काढलं, तेव्हा ते उभे राहिलेच नाहीत. चाकाला टेकून बसले.

"मी तिला शब्द दिला होता गं," ते म्हणाले. "ती उद्या दारात बसेल. संध्याकाळपर्यंत बसेल. ओळखतो मी तिला. मग उठून आत जाईल आणि ते सुरण खाईल."

साळिंदराला रडताना पाहिलं आहे का तुम्ही? सगळे काटे अंगावर आडवे पडतात. ते बघवत नाही.

काकूंनी बघितलं. मग पदर खोचला आणि बॉनेट उघडलं.

"अगं, पूजेची जागा आहे ती," तात्या बसल्या जागेवरून म्हणाले.

"असू दे. मी देवघरही दर शनिवारी घासते. देव काही निघून गेले नाहीत."

डाव्या मोटरच्या बुडाशी एक रबरी टोपी होती. काकूंनी ती काढली. खाली एक छोटी गोल मूठ निघाली.

"ही कशाला?" त्यांनी विचारलं.

"ठाऊक नाही. अकरा वर्षं मी ती टोपी काढलेलीच नाही."

"मूठ आहे त्याअर्थी फिरवायची असणार. जात्याला खुंटा काय बघायला असतो?"

त्यांनी मूठ फिरवायला घेतली. आतून करकर आवाज आला. काकू थांबल्या. कान लावून त्यांनी पुन्हा अर्धा फेरा फिरवला. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. जात्यात खडा आला की जातं असंच बोलतं. त्यांनी मूठ मागे फिरवली, पुढे फिरवली, पुन्हा मागे, पुन्हा पुढे. आणि मोराच्या पिसासकट डावं झाकण हळूहळू वर आलं.

तात्या उठून बघायला आले.

झाकणाखाली तात्यांची अकरा वर्षांची भक्ती थरावर थर बसली होती. कुंकवाचा चिखल वाळून त्याची वीट झाली होती. झेंडूच्या पाकळ्यांचं खत झालं होतं. नारळाच्या पाण्याने सगळं छान भिजलेलं होतं. तांदूळ कमी पडले की तात्या न सडलेलं, सालीसकट भातही अक्षता म्हणून वाहत, त्यामुळे दिव्याच्या कडेने चार बोटं उंच हिरवंगार भात उगवलं होतं. त्यात मुंग्यांची वस्ती होती, आणि ती जुनी असावी. बिजागरीच्या सांध्यात आणि मोटरच्या दांड्याभोवती तांदूळ असे ठासून बसले होते, की दांडा हलायला जागाच नव्हती.

"पिठाचा डबा नाही म्हणालात ना," काकू म्हणाल्या. "बरोबर आहे. तांदळाचा आहे."

तात्यांनी भाताच्या रोपांना अलगद हात लावून पाहिला.

"आता पाठ करा इकडे."

"कशाला?"

"तांदूळ टोकरायला टोकदार काहीतरी हवं."

पहिला काटा उपटला तेव्हा तात्या ओरडले. पाचवा उपटला तेव्हा नुसते दात खाऊन उभे राहिले. बारावा त्यांनी स्वतः उपटून दिला. वेणूचा विचार केला की दुखत नाही, असं ते म्हणाले. दुखत होतं.

काकूंनी काट्याने सांध्यातला तांदूळ दाणा दाणा टोकरून काढला. मुंग्यांना गुळाचा खडा दाखवून दुसरीकडे नेलं. खाली अर्थची वायर सापडली. तिच्या बोल्टवर तांब्याच्या भांड्यावर चढतो तसा हिरवा कळंक होता. काकूंनी चिंच आणि मीठ आणलं. बोल्ट घासला, पुसला, पुन्हा घासला. देवघराची घंटा घासतात तसा लख्ख केला. सांध्यात करंजाच्या तेलाचे थेंब सोडले. मग तेच सगळं उजव्या बाजूला. बजाबाने दिलेल्या सहा जादा नटांची जागाही त्यांना सापडली. चार मोटर धरून ठेवायचे होते. उरलेले दोन बॉनेटचे.

"दाबा बटण," काकू म्हणाल्या.

तात्यांनी दाबलं. घुर्र झालं आणि दोन्ही डोळे एकदम उघडले. मिटवले. पुन्हा उघडले. डोळे उघडले, डोळे मिटले.

"उघडले," तात्या म्हणाले.

"दिसतंय मला," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी चिंचेच्या हातानेच डोळे पुसले, म्हणून ते जास्तच झोंबले.

कोजागिरीच्या सकाळी बातमी जंगलभर झाली. सगळे लाजरीभोवती जमले.

"मी फ्यूज बदलला होता ना, तो आज लागू पडला," बजाबा म्हणाला.

"अर्थची वायर. मी सांगितलंच होतं," ढोलीतून आवाज आला.

"समितीने विषमता नष्ट केली," हत्ती म्हणाला. मोराने आपलं पीस परत घेतलं, पण ते कुठे होतं हे सगळ्यांना दाखवून मगच.

एवढं मोठं काम झालं म्हणजे महापूजा हवी. एकवीस नारळ आले. परातभर अक्षता आल्या. पहिला नारळ कुणी फोडायचा यावर वाद सुरू झाला. बजाबा म्हणाला मिस्त्रीने. हत्ती म्हणाला अध्यक्षाने. शास्त्रीबुवा म्हणाले अधिकाराने. कासव काहीतरी म्हणायला निघालं होतं.

"बसा गाडीत," काकू तात्यांच्या कानात म्हणाल्या. त्यांच्या हातात लाडवांचा डबा होता. "हे भांडतायत तोवर निघू."

असं ते निघाले. पहिला नारळ कुणाचा, हे ठरलं तेव्हा लाजरी बोगद्याच्या तोंडाशी उभी होती. हणमंताने विचारायच्या आधीच तिने दोन्ही डोळे उघडले. हणमंताने शिंगं बाजूला घेतली आणि वाट दिली. "वहिनी, वेणूला माझा राम राम सांगा," एवढंच तो म्हणाला.

वेणू खरंच दारात बसली होती. विहीणबाई सुरणाची परडी घेऊन मागे उभ्या होत्या. बाकीचं मी सांगत नाही. आई, लेक आणि लाडवांचा डबा एका ठिकाणी आले की काय होतं, ते ज्याला ठाऊक नाही त्याला सांगून कळायचं नाही.

संध्याकाळी लाजरी परत आली. डोंगरावर चंद्र येत होता. काकू आधी उतरल्या, आत गेल्या आणि ताम्हण घेऊन आल्या. माहेरी आलेल्या लेकीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. वेणूला कुंकू लावलं. तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या. वेणू वाकून पाया पडू लागली, तर पोटामुळे वाकता येईना, म्हणून दोघी हसल्या.

मग काकू वळल्या. लाजरी अंगणात दोन्ही डोळे उघडे ठेवून उभी होती. काकूंना एकदम भरून आलं. हिनेच माझ्या लेकीला आणलं. त्या पुढे झाल्या. उजव्या दिव्याला कुंकवाचं बोट लावलं. डाव्याला लावलं. आणि ताम्हणातल्या उरलेल्या अक्षता मूठ भरून दोन्ही डोळ्यांवर वाहिल्या.

तांदूळ काचेवरून घसरले आणि टिकटिक आवाज करीत सांध्यात जाऊन बसले.

तात्यांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी रिकाम्या ताम्हणाकडे बघितलं.

"अगं," तात्या म्हणाले.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "पुढच्या दसऱ्यापर्यंत चालेल. तुम्ही एवढं करा, चांगले टोकदार असे बारा काटे वाढवून ठेवा."

तात्पर्य: चालत्या गाडीची मनापासून पूजा करावी. म्हणजे ती बंद पडते, मिस्त्रीला काम मिळतं, विद्वानाला विषय मिळतो, समितीला बैठक मिळते आणि नारळवाल्याचंही बरं चालतं. झाकण उघडून मात्र कुणी आत बघू नये. तसं केलं की गाडी दुरुस्त होते, आणि मग सगळ्यांनाच आपापल्या घरी जावं लागतं.